‘प्रॅक्टिस’ला मराठीत काय म्हणायचे? अभ्यास, सराव, रियाज, तालीम, अंमल आणि व्यवहार यांची कुळकथा

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. शाळेच्या वार्षिक वेळापत्रकात जिथे जिथे ‘प्रॅक्टिस’ आणि ‘प्रॅक्टिकल’ लिहिलेले होते, तिथे मराठी शब्द घालायचे ठरले. हस्ताक्षर, गायन, नाटक, मल्लखांब, प्रयोगशाळा, सगळीकडेच. बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले की सरसकट ‘अभ्यास’ लिहावे, कारण तो आपला शब्द. रियाज, तालीम, कसरत हे परके. शिक्षिकेचे विचारणे असे: हे बरोबर आहे का, या शब्दांची मुळे कुठली, आणि ‘प्रॅक्टिकल असणे’ याला मराठीत नेमके काय म्हणावे?

भाषांतर आणि परिभाषा हेच माझे काम असल्यामुळे ‘प्रॅक्टिस’ हा शब्द माझ्यासमोर सतत येतो. कधी वकिलाची, कधी क्रिकेटपटूची, कधी ग्राहक कायद्यातल्या ‘अनफेअर ट्रेड प्रॅक्टिस’मधली. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

निर्णय आधी सांगतो. सरसकट ‘अभ्यास’ लिहू नका. हस्ताक्षराचा सराव, गाण्याचा रियाज, नाटकाची तालीम, मल्लखांबाचा सराव आणि विज्ञानाचे प्रात्यक्षिक असे लिहा. इंग्रजी जी कामे एका शब्दावर भागवते ती मराठीने अनेक शब्दांत वाटून दिली आहेत. ही वाटणी कोणा पंडिताने केलेली नाही. आखाड्यात, गवयाच्या बैठकीत, रंगमंचामागे, कचेरीत, म्हणजे जिथे ते ते काम चालते तिथेच ती झाली. ती मोडली तर वाचणाऱ्याला पूर्वीपेक्षा कमी कळेल.

आता मुळांकडे. ‘अभ्यास’ हा शब्द ‘अभि’ उपसर्ग आणि ‘अस्’ धातू यांचा. हा ‘असणे’ या अर्थाचा अस् नव्हे, ‘फेकणे’ या अर्थाचा. ‘अस्त्र’ त्याच धातूचे. एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा झेपावणे, तिच्यावर वारंवार यत्न टाकणे, असा त्याचा मूळ भाव. ‘पुन्हा’ हा अंश संस्कृतात इतका ठसठशीत होता की शास्त्रांनी तो पारिभाषिक करून घेतला. पाणिनीचे सूत्र आहे, ‘पूर्वोऽभ्यासः’. धातूचे द्वित्व झाले, म्हणजे तो दोनदा आला, की त्यातल्या पहिल्या भागाला अभ्यास म्हणायचे. पठ् धातूपासून ‘पपाठ’ होते, त्यातला पहिला ‘प’ हा अभ्यास, आणि दोन्ही भाग मिळून ‘अभ्यस्त’. गणितात अभ्यास म्हणजे गुणाकार, कारण गुणाकार ही पुन्हा पुन्हा केलेली बेरीजच असते. तिरक्या गुणाकाराला भास्कराचार्यांच्या बीजगणितात ‘वज्राभ्यास’ म्हटले आहे. योगसूत्रांत ‘तत्र स्थितौ यत्नोऽभ्यासः’ अशी व्याख्या येते आणि लगेच पुढच्या सूत्रात तीन अटी: दीर्घ काळ, खंड न पडता, आणि आदराने. पहिल्या दोन अटी सगळे जण सांगतात. तिसरी, ‘सत्कार’, मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या कामाबद्दल मनात आदर नाही ते कितीही वेळा केले तरी अंगी लागत नाही, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते.

जुन्या मराठीतही अभ्यासाचा हाच अर्थ आहे. तुकोबांचा ‘ओले मूळ भेदी खडकाचे अंग । अभ्यासासी सांग कार्यसिद्धी’ हा अभंग आठवा. पुढे दोराने चिरा कापला जातो हा दाखला येतो, आणि शेवटी ‘असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’. इथे अभ्यास करणारे कोण? झाडाचे मूळ आणि दोर. पुस्तकाचा काही संबंध नाही. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातले ‘म्हणौनि अभ्यासासी कांहीं । सर्वथा दुष्कर नाहीं’ हेही वाचनाबद्दल नसून करत राहण्याबद्दल आहे.

आजच्या मराठीत मात्र ‘मुलगी अभ्यास करतेय’ म्हटले की डोळ्यांपुढे उघडे पुस्तक येते. अभ्यासक्रम, अभ्यासमंडळ, अभ्यासिका, अभ्यासदौरा, अभ्यासू वक्ता. सगळीकडे अध्ययन हाच अर्थ. हिंदीत अजून जुना अर्थ टिकला आहे, म्हणून तिकडे ‘अभ्यास मैच’ खेळतात. आपल्याकडे काही बातम्यांत आता ‘अभ्यास सामना’ दिसू लागला आहे. तो हिंदीतून उचललेला आहे, मराठीत तो ‘सराव सामना’. तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे संस्कृतापुरते बरोबर आहे. पण वेळापत्रक आजची मुले वाचणार आहेत, आणि ‘गायन अभ्यास’ वाचून ती रागांची लेखी माहिती पाठ करायला बसतील.

म्हणजे ‘पुन्हा पुन्हा करणे’ ही जागा मराठीत ‘सराव’ या शब्दाने घेतली. सराव बहुतेक वेळा हाताचा, पायाचा किंवा डोळ्याचा असतो. टंकलेखनाचा सराव, सरावाने हात बसणे, सरावलेला हात. परीक्षेच्या आधी सराव प्रश्नपत्रिका सोडवतात तीही ज्ञान वाढवण्यापेक्षा वेळेत लिहिण्याची सवय व्हावी म्हणून. शेजारचा ‘सराईत’ हा शब्द एके काळी मुरलेल्या, जाणत्या माणसाला लागे. पोलिसांच्या भाषेत तो गुन्हेगाराला इतका चिकटला की आता चांगल्या कारागिराला सराईत म्हणायला जीभ कचरते. मला हा शब्द गेल्याचे वाईट वाटते.

हस्ताक्षराच्या तासासाठी तर मराठीत स्वतंत्र शब्दांचे घर आहे, ते तुमच्या शाळेने जरूर वापरावे. अक्षर गिरवणे, कित्ता, वळण, उजळणी. ‘कित्ता’ हा अरबी ‘कित्आ’, म्हणजे तुकडा. सुलेखनकार आपल्या अक्षराचा नमुना म्हणून कागदाचा एक तुकडा लिहून देत, शिष्य त्याबरहुकूम लिहीत. पुढे मराठीत कोणाचेही अनुकरण करणे म्हणजे ‘कित्ता गिरवणे’ झाले. ‘उजळणी’त उजळणे आहे: भांडे घासून लख्ख करतो तसे पाढे रोज म्हणून लख्ख ठेवायचे. जुन्या शाळांतून पाढ्यांनाच उजळणी म्हणत. आणि अक्षर घोटून घोटून घडवण्यासाठी समर्थांनी दासबोधात एक सुरेख क्रियापद वापरले आहे: ‘ब्राह्मणें बाळबोध अक्षर । घडसुनी करावें सुंदर’. घडसणे. हे क्रियापद पुन्हा वापरात यावे असे मला मनापासून वाटते.

रियाज. अरबीत ‘रियाझा’, मूळ धातू शिंगराला किंवा घोड्याला वठणीवर आणणे, चालायला शिकवणे या अर्थाचा. त्यातून स्वतःच्या मनाला आणि शरीराला वठणीवर आणणे. सूफींमध्ये उपासतापास, जागरण, एकांत अशा तपश्चर्येला हा शब्द लागला. फारसी-उर्दूतून तो गवयांकडे आला तेव्हा ही तपश्चर्येची छटा घेऊनच आला. म्हणून रियाजाला पहाटेची वेळ असते, ‘बसणे’ असते, आणि रियाज चुकला की नुसते वेळापत्रक मोडल्यासारखे वाटत नाही, काही पाप घडल्यासारखे वाटते. आजच्या अरबीत हाच शब्द खेळ आणि व्यायाम यांना वापरतात, आणि गणिताला ‘रियाझिय्यात’ म्हणतात, म्हणजे बुद्धीचा व्यायाम. संस्कृतात अभ्यासाचा गुणाकार झाला, अरबीत रियाजाचे गणित झाले. एकमेकींशी नाते नसलेल्या दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी गणितापर्यंत पोचल्या.

तालीम हा शब्द ‘इल्म’ म्हणजे ज्ञान याच्या घरातला. ‘तअलीम’ म्हणजे ज्ञान देणे, शिकवणे. ‘मालूम’ हाही त्याच घरातला, म्हणजे जाणलेले. हिंदी-उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. १९३७ साली वर्ध्यात मांडली गेलेली ‘नई तालीम’ याच अर्थाची. गवयांच्या भाषेत मूळ अर्थ बराचसा शाबूत आहे. गुरूसमोर बसून मिळते ती तालीम, घरी एकट्याने करायचा तो रियाज. ‘त्यांना अमुक घराण्याची तालीम मिळाली’ असे म्हणतात, ‘अमुक घराण्याचा रियाज मिळाला’ असे कोणी म्हणत नाही. नाटकात तालीम म्हणजे दिग्दर्शकासमोर केलेला सराव, तिथेही शिकवणारा हजर आहे. आणि पश्चिम महाराष्ट्रात तालीम ही चक्क जागा झाली: लाल माती, हौद, मारुतीची मूर्ती आणि वस्ताद. कोल्हापुरातली गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम ही नावे कुस्ती न पाहणाऱ्यालाही माहीत असतात. पुण्याच्या मानाच्या गणपतींत तिसरा गुरुजी तालमीचा. कोल्हापुरात तर पेठेतल्या तालमी फुटबॉल खेळू लागल्या. पाटाकडील तालीम मंडळ आणि दिलबहार तालीम मंडळ यांचा सामना असला की सगळे शहर त्यावर बोलते. ‘शिकवणे’ या अर्थाच्या शब्दाने अरबस्तानापासून फुटबॉलच्या मैदानापर्यंत केलेला हा प्रवास दुसऱ्या कुठल्या भाषेत घडला असेल असे मला वाटत नाही.

आखाड्यातले बाकीचे शब्द भराभर सांगतो. ‘कसरत’ हा अरबी ‘कस्रत’, म्हणजे विपुलता, पुष्कळपणा. पुष्कळदा करायचा म्हणून व्यायाम. ‘मेहनत’ अरबीत परीक्षा, संकट, छळ या अर्थाचा. फारसीतून येताना तो कष्टांवर स्थिरावला, आणि पैलवानांच्या तोंडी ‘मेहनत’ म्हणजे जोर-बैठका. ‘कसब’ म्हणजे मुळात कमाई. कमवायचे साधन ते कौशल्य, असा अर्थ सरकला. आपण ‘कमावलेले शरीर’, ‘कमावलेला आवाज’ म्हणतो तेव्हा हाच विचार मराठीतून करतो.

‘इल्म’ची दुसरी बाजू ‘अमल’. जाणणे आणि करणे, ही जोडी अरबी-फारसी लेखनात शतकानुशतके एकत्र येते. आपण ज्याला ‘थिअरी आणि प्रॅक्टिकल’ म्हणतो तीच. म्हणजे अरबीतला ‘प्रॅक्टिस’ला सर्वांत जवळचा शब्द अमल. मराठीत त्याचे काय झाले पाहा. ‘अंमल’ म्हणजे सत्ता: मराठ्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल. ‘अंमल’ म्हणजे नशेचा परिणाम, त्यावरून अमली पदार्थ. ‘अमलात आणणे’ आणि ‘अंमलबजावणी’ यांत मात्र करण्याचा अर्थ जिवंत आहे. त्याच धातूचे ‘मामूल’ म्हणजे नेहमी केले जाते ते, रिवाजाचे. ‘मामुलाप्रमाणे’ असा प्रयोग जुन्या कागदांत पावलोपावली भेटतो, आणि रोजचे म्हणून किरकोळ, यावरून ‘मामुली’. ‘मामला’ म्हणजे दोघांमधली देवघेव, व्यवहार. तो पाहणारा मामलेदार. म्हणजे जाणण्याच्या धातूतला ‘तालीम’ मराठीत घाम गाळण्याचा शब्द झाला, आणि करण्याच्या धातूतला ‘अंमल’ खुर्चीवर जाऊन बसला. घरे अदलाबदल केल्यासारखी ही गोष्ट झाली, आणि तरीही बोलणाऱ्याची कधी अडचण झाली नाही.

इथे ‘परके शब्द’ या मुद्द्याला उत्तर देतो. मराठीत परके शब्द बदलण्याची परंपरा आहे आणि ती मोलाची आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला; १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचे अमात्य, सुरनिसाचे सचिव, डबिराचे सुमंत, सरनौबताचे सेनापती झाले. ते साधले, कारण पदे राजा निर्माण करतो आणि त्यांची नावे राजा ठरवू शकतो. रियाज ही कोणाच्या आज्ञेने निर्माण झालेली गोष्ट नाही. ती करणाऱ्यांनी ते नाव पिढ्यान्‌पिढ्या वापरले, आणि आता ते वापरणाऱ्यांचेच आहे. पतंजलीने महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या आरंभी हेच सांगितले आहे: घडा हवा असलेला माणूस कुंभाराच्या घरी जाऊन ‘घडा कर, मला वापरायचा आहे’ असे म्हणतो, पण शब्द वापरू पाहणारा कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द कर, मला वापरायचे आहेत’ असे म्हणत नाही. शब्द लोकांकडे आधीच असतात.

प्रयोगशाळेकडे वळू. ‘प्रयोग’ हा ‘युज्’ धातूचा, म्हणजे जोडणे, जुंपणे. योग, योजना, युक्ती, योग्य, उपयोग, उद्योग ही सगळी भावंडे, आणि बैलाच्या मानेवरचे ‘जू’ हेही त्याच धातूच्या ‘युग’ या शब्दाचे मराठी रूप. प्रयोग म्हणजे माहीत असलेली गोष्ट कामाला जुंपणे. म्हणून मंत्राचा प्रयोग होतो, नाटकाचा प्रयोग होतो, शब्दाचा प्रयोग होतो, व्याकरणात कर्तरी आणि कर्मणी प्रयोग असतात, आणि रसायनशास्त्राचाही प्रयोग होतो. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात नाट्यशास्त्राला ‘प्रयोगप्रधान’ म्हटले आहे ते याच जाणिवेने: तिथे केवळ पोथी माहीत असून भागत नाही, रंगमंचावर करून दाखवावे लागते.

परीक्षेच्या संदर्भात मात्र ‘प्रात्यक्षिक’ योग्य. प्रति आणि अक्ष: डोळ्यांसमोर असलेले ते प्रत्यक्ष, त्याचे विशेषण प्रात्यक्षिक. यात एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. ‘थिअरी’ हा शब्द ग्रीक ‘थिओरिया’, म्हणजे पाहणे. ‘थिएटर’ त्याच कुळातले. ‘प्रॅक्टिस’ हा ग्रीक ‘प्रात्तेइन’, म्हणजे करणे. ग्रीकांनी पाहणे हे सिद्धान्ताकडे दिले, कारण त्यांच्या लेखी पाहणारा हा खेळात न उतरलेला, दूर बसलेला प्रेक्षक. आपल्याकडे डोळ्याचा शब्द नेमका उलट बाजूला, प्रयोगशाळेत गेला, कारण आपल्या तर्कशास्त्रात प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण: ऐकीव नको, दाखव. कृषी खात्याचे ‘पीक प्रात्यक्षिक’ पाहायला शेतकरी बांधावर जमतात तेव्हा ते हेच प्रमाण मागत असतात.

कौशल्याच्या शब्दांबद्दल थोडे, कारण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ‘पारंगत’ म्हणजे पलीकडच्या काठाला पोचलेला. ‘निष्णात’ म्हणजे त्यात न्हालेला. पाणिनीने यासाठी खास सूत्र दिले आहे, ‘निनदीभ्यां स्नातेः कौशले’. कौशल्याचा अर्थ असेल तेव्हाच ‘स’चा ‘ष’ होतो, एरवी नुसता आंघोळ केलेला माणूस ‘निष्णात’ होत नाही. आणि ‘कुशल’ची परंपरागत व्युत्पत्ती: कुश म्हणजे दर्भ, त्याचे पाते धारदार, हात न कापता जो ते खुडून आणतो तो कुशल. आता, ‘कामात कुशल’ म्हणताना दर्भाचा काही संबंध उरत नाही, म्हणून काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात हे लक्षणेचे, म्हणजे मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याचे, उदाहरण म्हणून दिले. पुढे साहित्यदर्पणकार विश्वनाथाने हरकत घेतली. तो म्हणतो, शब्द तयार कशावरून झाला हे एक, आणि तो वापरला कशासाठी जातो हे दुसरे. व्युत्पत्तीचा अर्थ हाच मुख्य अर्थ धरला तर ‘गाय झोपली आहे’ हेसुद्धा लक्षणेने समजावे लागेल, कारण गायीचा ‘गो’ हा शब्द ‘जाणे’ या धातूचा! मला विश्वनाथाचे म्हणणे पूर्ण पटते. व्युत्पत्ती शब्दाची छटा समजून घ्यायला उपयोगी पडते. शब्द कुठे वापरावा याचा निवाडा तिच्यावर सोपवू नये.

डॉक्टर आणि वकिलांच्या ‘प्रॅक्टिस’ला कायद्याच्या मराठीत ‘व्यवसाय’ म्हणतात. ‘महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१’ हे नाव पाहा. व्यवसाय म्हणजे संस्कृतात निश्चय. गीतेतली ‘व्यवसायात्मिका बुद्धी’ ही धंद्याची नव्हे, निश्चयाची बुद्धी आहे. बोलताना मात्र ‘वकिली करतात’, ‘दवाखाना चालवतात’ हेच सरळ. याच ओळीतला एक सुंदर शब्द ‘उमेदवार’. फारसीत आशा बाळगणारा. पूर्वी कचेरीत किंवा वकिलाकडे बिनपगारी राबून काम शिकणारा, जागा मिळेल या आशेवर असणारा तो उमेदवार, आणि त्याचे ते राबणे म्हणजे ‘उमेदवारी’. निवडणुकांनी हा शब्द पळवला, तरी कारखान्यांत अजून ‘शिकाऊ उमेदवार’ आहेत.

चालीरीतींचे शब्द या प्रश्नात थेट येत नाहीत, पण ‘प्रॅक्टिस’चा तोही एक अर्थ आहे. रूढी म्हणजे रुजलेली, वाढलेली. ‘आरूढ’मधलाच तो धातू. रिवाज म्हणजे मुळात चलन, बाजारात चालणे. शिरस्ता म्हणजे ‘सर-रिश्ता’, धाग्याचे टोक. दप्तर हाताळणारा तो शिरस्तेदार. कायद्यात व्यापाराच्या संदर्भात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ असे म्हणतात आणि ते ठीक आहे.

आता व्यवहार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर याच शब्दाभोवती आहे. ‘वि’ आणि ‘अव’ हे उपसर्ग आणि ‘हृ’ धातू यांचा हा शब्द. धर्मशास्त्रात व्यवहार म्हणजे खटला, न्यायनिवाडा. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आचार, व्यवहार, प्रायश्चित्त असे आहेत. कात्यायनाने शब्दाची फोड अशी केली: ‘वि’ म्हणजे नाना, ‘अव’ म्हणजे संदेह, ‘हार’ म्हणजे हरण, नाना संदेह दूर करतो तो व्यवहार. अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात अधिकाऱ्यांनी ‘वियोहालसमता’ आणि ‘दंडसमता’ पाळावी असे कोरले आहे. खटला चालवण्यातली समानता आणि शिक्षेतली समानता. बिहारमध्ये आजही दिवाणी न्यायालयाच्या पाटीवर ‘व्यवहार न्यायालय’ लिहिलेले असते. आपल्याकडे ती जागा ‘दिवाणी’ने घेतली. आणि योगायोग असा की इस्लामी धर्मशास्त्रातही उपासनेपासून वेगळा काढलेला देवघेवीचा भाग ‘मुआमलात’, म्हणजे आपल्या मामल्याचेच अनेकवचन.

गणितज्ञांनी हाच शब्द उपयोजनासाठी घेतला. ब्रह्मगुप्त ६२८ सालच्या ग्रंथात म्हणतो की जो वीस परिकर्मे आणि आठ व्यवहार जाणतो तो गणक. परिकर्मे म्हणजे बेरीज-वजाबाकीसारख्या क्रिया. आठ व्यवहार म्हणजे त्या कुठे वापरायच्या: मिश्रणे आणि व्याज, श्रेढी म्हणजे संख्यांच्या मालिका, क्षेत्र, खड्डे खणणे, विटांची रास, करवतीने लाकूड कापणे, धान्याचा ढीग, आणि सावली. भास्कराचार्यांच्या ११५०च्या लीलावतीतही हेच विभाग आहेत. करवतीच्या कापाची मजुरी कशी काढायची हे ज्या गणितात स्वतंत्र प्रकरण आहे, त्याला अव्यवहारी कोण म्हणेल? वेदान्तातही ‘व्यावहारिक सत्ता’ आहे: परमार्थाने जग काहीही असो, तहान लागली की पाणी प्यावे लागते, ही ती पातळी. आणि पतंजली विद्येचे चार काळ सांगतो: गुरूकडून घेण्याचा, स्वतः म्हणण्याचा, दुसऱ्याला शिकवण्याचा आणि वापरण्याचा. शेवटच्याचे नाव त्याने ‘व्यवहारकाल’ ठेवले आहे. शिक्षकाने चारही काळ लक्षात ठेवावेत; आपल्या शाळा बहुधा दुसऱ्यावर थांबतात, आणि ‘स्वाध्याय’ म्हणून धड्याखाली छापलेले प्रश्न सोडवले की विद्या पुरी झाली असे समजतात.

मराठीत व्यवहार पैशाकडे झुकला, पण पुरता नाही. जमिनीचा व्यवहार, पत्रव्यवहार, ‘बंदमुळे सर्व व्यवहार ठप्प’. त्यापासून निघालेली व्यावहारिक, व्यवहार्य आणि व्यवहारी ही तीन विशेषणे लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, तिथे काळजी घ्या. ‘व्यावहारिक’ म्हणजे व्यवहाराशी संबंधित: व्यावहारिक ज्ञान, व्यावहारिक मराठी, व्यावहारिक अडचण. ‘इक’ लागल्यावर पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणून ‘व्यवहारिक’ हे चूक. ‘व्यवहार्य’ म्हणजे करता येण्याजोगे: योजना व्यवहार्य आहे का, प्रकल्पाची व्यवहार्यता तपासा. योजनेला ‘व्यावहारिक’ म्हटले तर ती पैशाच्या देवघेवीची वाटते. याच शब्दाला एक काळोखा भूतकाळ आहे: स्मृतींत प्रायश्चित्तानंतर ज्याच्याशी पुन्हा रोटी-बेटीचा संबंध ठेवता येतो तो ‘व्यवहार्य’, आणि ज्याला जातीबाहेर टाकले तो ‘अव्यवहार्य’. आज हा शब्द फक्त योजनांना लागतो, माणसांना नाही, याचा मला आनंद आहे.

‘प्रॅक्टिकल’ क्रियाविशेषण म्हणून आला तर यातला एकही शब्द नको. ‘इन प्रॅक्टिस’ म्हणजे ‘प्रत्यक्षात’: नियम चांगला आहे, प्रत्यक्षात कोणी पाळत नाही. ‘प्रॅक्टिकली संपले’ म्हणजे ‘जवळजवळ संपले’. भाषांतरकार तिथे ‘व्यावहारिकदृष्ट्या संपले’ लिहितात तेव्हा वाक्य मराठी राहत नाही. ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ला ‘सर्वोत्तम सराव’ असे छापलेले मी पाहिले आहे. तिथे ‘चांगल्या कार्यपद्धती’ म्हणा.

आणि माणूस ‘प्रॅक्टिकल’ असेल तर? घरात आपण ‘जरा व्यवहार बघ’ म्हणतो, ते बरोबरच आहे. पण ‘व्यवहारी माणूस’ या शब्दांत मराठीत कौतुक आणि तक्रार दोन्ही असतात: हिशेबी, भावनेला फारशी जागा न देणारा. बोलणाऱ्याच्या स्वरावरून कुठले ते कळते, कागदावर कळत नाही. तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात किंवा शिफारसपत्रात ‘व्यवहारी’ लिहू नका. लोकांशी वागण्यात हुशार असेल तर ‘व्यवहारकुशल’, हाताने काम करण्यात पुढे असेल तर ‘कृतिशील’, आणि अडचणीतून मार्ग काढत असेल तर सरळ तसेच, पूर्ण वाक्यात लिहा.